तीन नंबरची हिमनदी

एका संपूर्ण प्रजातीचं भवितव्य एका माणसाच्या हाती यावं, असे क्षण पृथ्वीच्या इतिहासात फार थोडे आले असतील. तसा एक क्षण निफाड तालुक्यातल्या एका कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा ज्याच्या हाती हे भवितव्य यायचं होतं तो माणूस, नंदकिशोर मोगल, आपले निळे क्रेट कोणी नेले यावरून फोनवर कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत होता. प्रजातीला गाडीतच थांबावं लागलं.

मार्चचं ऊन होतं आणि गाडीतून उतरलेल्या मुलीच्या अंगात स्वेटर होता. डॉ. तनिष्का मोगल ही नंदकिशोरची एकुलती एक मुलगी. दिवाळी सोडून ती घरी आल्याचं घरातल्या कुणाला आठवत नव्हतं. तिची आई उज्ज्वला हात पुसत बाहेर आली.

"स्वेटर काय गं? ताप आहे का?"

"गाडीत उणे दोन आहे, मम्मी."

"आणि एवढं आहे काय गाडीत?"

"बर्फ. आणि चिलटं."

उज्ज्वलाने एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "इथं कमी होती का?"

बाप-लेकीत भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडायला दोघांचा मिळून एखादा विषय लागतो, तोच नव्हता. तनिष्काने कीटकशास्त्र घेतलं तेव्हा नंदकिशोर एवढंच म्हणाला होता, "किड्यांवरच शिकायचंय तर मारण्यावर शिक. चार लोक विचारत तरी येतील." ती हिमालयातल्या एका संस्थेत गेली. त्यानंतर आठवड्यातून एकदा फोन यायचा, तो उज्ज्वला घ्यायची आणि शेवटी नवऱ्याच्या हातात द्यायची. "बरी आहेस ना?" "हो. तुम्ही?" "आम्हाला काय होतंय? घे, मम्मीशी बोल." आणि फोन जिच्याकडून आला तिच्याचकडे परत जायचा.

त्या दुपारी जेवताना मात्र तनिष्का बापाशी सलग बोलली. कारण तिला चेंबर हवं होतं.

"लाहौलमध्ये थारचेन नावाची हिमनदी आहे, पप्पा. होती म्हणा आता. हिमनदी म्हणजे साठलेला बर्फ नाही नुसता. तो स्वतःच्या वजनाने उतारावरून सरकत असतो, इतका हळू की डोळ्याला कळत नाही. उन्हाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं, लालसर काळं. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, काळवंडलेला ऊन पिऊन घेतो. म्हणजे जास्त वितळतो. पाणी झालं की शेवाळ आणखी माजतं."

"म्हणजे भुरीसारखं," नंदकिशोर म्हणाला. द्राक्षवेलीवरच्या रोगांशी तुलना केल्याशिवाय त्याला जगातलं काही समजत नसे.

"तसंच. आणि ते शेवाळ खाणारं तिथं एकच जनावर. हिमचिलट. त्याच्या अळ्या बर्फावरच्या पाण्यात राहतात आणि दिवसभर शेवाळ खरवडतात. जिथली चिलटं संपली, तिथला बर्फ शेजारच्यापेक्षा भराभर गेला. हे मीच मोजलंय."

"पण वितळल्यामुळे चिलटं मेली की चिलटं मेल्यामुळे वितळलं?"

"दोन्ही."

"पण सुरुवात कुणी केली?"

"आपण."

"आपण म्हणजे मोगलांनी?"

"सगळ्यांनीच, पप्पा."

नंदकिशोरला जरा बरं वाटलं. सगळ्यांनी केलेल्या गोष्टीची नोटीस कुणाला येत नाही.

खालचंही तिने सांगितलं. हिमनदी आटू लागली की आधी काही वर्षं ओढ्याला पाणी वाढतं आणि लोक खूश होतात. मग ते कमी होतं आणि उरलेलं कोमट होतं. थंड पाण्यातले किडे जातात, किड्यांवरचे मासे जातात, बुडी मारून किडे वेचणारा एक तपकिरी पक्षी असतो, तो काही दिवस दगडावर बसून बघतो आणि तोही जातो. त्याच पाण्यावर संस्थेला वीज मिळायची आणि त्या विजेवर संस्थेचं शीतगृह चालायचं. हिमनदी वाचवण्याचे प्रयोग त्या शीतगृहात चालले होते. ते बंद पडलं तेव्हा तनिष्काला आपल्या बापाचा धंदा आठवला.

"मग यांना मारायचं कसं, ते सांग," सवयीने नंदकिशोर म्हणाला.

"मारायची नाहीत. जगवायची आहेत. जूनमध्ये यांना वरच्या हिमनदीवर सोडायचं. ती जास्त उंचावर आहे, अजून थंड आहे. तोवर कुठेतरी ठेवायला हवीत. जगात आता एवढीच उरलीत."

नंदकिशोरने भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. द्राक्षाच्या घडात एक मेलेला मिलीबग सापडला म्हणून त्याचा अख्खा कंटेनर युरोपातून परत आला होता. आयुष्यभर तो एकाच गोष्टीसाठी झटला होता, की आपल्या आवारात सहा पायांचं काही जिवंत राहू नये.

"तीन नंबरचं चेंबर मोकळं आहे," तो म्हणाला. फुलोऱ्यातल्या पावसामुळे बागा निम्म्यावर आल्या होत्या. चेंबर मोकळंच असायचं.

चेंबरमध्ये तनिष्काने थर्माकोलचा उतार बांधला आणि त्यावर थारचेनचा बर्फ लादीसारखा बसवला. खालून थंडावा, वरून दिवा. दिवा छताच्या रुळावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकायचा आणि संध्याकाळी विझायचा. हा सूर्य. त्याच्या उबेने बर्फावर पाण्याची एक धार सुटायची, ती खालच्या ट्रेमध्ये पडायची, पंप ते पाणी गार करून पुन्हा वर न्यायचा. उद्घाटनाला उज्ज्वलाने कॉम्प्रेसरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. द्राक्षाची पहिली गाडी आली की फोडतात तसाच.

"पप्पा, एक काम रोज करावं लागेल," तनिष्का म्हणाली. "अळ्या पाण्याबरोबर खाली वाहून येतात. म्हणून मोठी झालेली मादी अंडी घालायला उतारावर वर चढत जाते. सूर्य बघून दिशा धरते. उडता येत नाही, पंखच नसतात. खऱ्या हिमनदीवर ती मैलभर चालते. इथं वर भिंत आहे."

"मग?"

"मग ती भिंतीपाशी थांबून राहते आणि तिथंच मरते. तिला उचलून पुन्हा खाली सोडायचं. कितीही वेळा. हाताने नाही. तळहाताच्या उबेने मरते ती."

"तळहाताच्या?"

"हो. भाजून मेल्यासारखी. गार केलेला ब्रश वापरायचा."

हे काम चेंबरवरच्या माणसांकडे द्यायचं ठरलं होतं. पण त्या माणसांना क्रेट फेकायची सवय होती. पहिल्याच दिवशी नंदकिशोरने त्यांना बाहेर काढलं, कोट घातला, ब्रश बर्फात खुपसून गार केला आणि श्वास रोखून एक चिलट उचललं. काळं, तिळाएवढं, लांब पायांचं. ब्रशवरून उतरताच ते वळलं आणि पुन्हा वर चालू लागलं.

"अगं, वर काही नाहीये," नंदकिशोर त्याला म्हणाला.

ते चालत राहिलं.

तनिष्का परत गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. थेट त्याच्या मोबाइलवर. उज्ज्वला बघतच राहिली.

"किती चढली आज, पप्पा?"

"एकतीस. एक मधेच थांबली होती, मला वाटलं गेली. पण नाही. दमली असावी."

"दमत नाहीत त्या. ढग आला असेल."

"चेंबरमध्ये?"

"दिव्यासमोर तुम्ही उभे राहिला असाल."

"हां, ते खरं. होतो."

असा रोज फोन येऊ लागला. किती चढली, किती खाली सोडली, अळ्या दिसल्या का, शेवाळाचा रंग कसा आहे. मग हळूच, तिकडे थंडी आहे का, जेवलीस का, दात दुखत होता तो काढलास का. नंदकिशोरला आयुष्यात प्रथमच कळलं, की मुलीला कारलं आवडतं. औषधांच्या दुकानाचा मालक कैलास भेटायला आला, तेव्हा त्याच्या कपड्यांना फवारणीचा वास येतो म्हणून नंदकिशोरने त्याला फाटकावरूनच वाटेला लावलं. "नंदूशेठ, तुम्ही वेडे झालात," कैलास म्हणाला. "गावभर चिलटं मारायला माझ्याकडून औषध नेता आणि इकडे एसीत पाळता?" संध्याकाळी नंदकिशोरने ते मुलीला सांगितलं आणि दोघं हसले. फोनवर दोघं एकदम हसल्याची ही पहिलीच वेळ होती.

मे महिन्यात तनिष्का वरच्या हिमनदीची पाहणी करायला गेली. तिथं रेंज नव्हती. "आठवडाभर फोन होणार नाही," ती म्हणून गेली होती.

तिसऱ्या दिवशी नंदकिशोरला उताराच्या वरच्या टोकाला, थर्माकोलच्या कडेने, राखाडी लव दिसली. शेवाळ नव्हतं ते. शेवाळ त्याला आता ओळखू यायचं. ही बुरशी होती. अशी लव द्राक्षाच्या पेटीत एका मण्यावर दिसली, की चार दिवसांत सगळी पेटी जाते. त्याने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लव बोटभर पुढे, बर्फाच्या कडेपर्यंत आल्यासारखी वाटली.

स्टोरेजवाल्यांच्या डोक्यात दोन खाती वेगळी असतात. किडा हा शेताचा विषय, त्याला फवारणी. बुरशी हा स्टोअरचा विषय, तिला गार्ड. गार्ड म्हणजे कागदात बसवलेली गंधकाच्या क्षाराची पूड. द्राक्षाच्या प्रत्येक पेटीत वरून एक गार्ड ठेवायचा, दमटपणा लागला की त्यातून हळूहळू वायू सुटतो आणि बुरशी धरत नाही. मोगलांच्या घरात नातवाच्या पाळण्यातसुद्धा कुणी गार्ड ठेवला असता, इतकी ती सवय अंगात मुरलेली होती. गार्डने किडे मरतात का, हा प्रश्न नंदकिशोरला पडला नाही. पेटीत किडा असतच नाही, तर प्रश्न कुठून पडणार?

त्याने अख्खं एक पाकीट फोडलं आणि गार्ड उताराच्या कडेने ओळीने खोचले.

कोरड्या पेटीत जो वायू महिनाभर पुरवून पुरवून सुटतो, तो पाणी वाहत असलेल्या बंद खोलीत एका दुपारीच सुटला. सकाळी दार उघडलं तेव्हा काडी ओढल्यावर येतो तसा वास आला. त्या वासाने नंदकिशोरला उलट धीर आला. हंगामाचा वास होता तो. लव वाळून गेली होती. त्याने दिवा लावला आणि ब्रश बर्फात खुपसून वरच्या टोकाशी वाट बघत बसला.

सूर्य रुळावरून सरकत गेला. कुणी चढलं नाही.

दुपारी त्याने ट्रेमधलं पाणी बघितलं. मग ट्रे तसाच ठेवला. बाहेर येऊन त्याने एका गाडीची लोडिंग करून घेतली, क्रेट नीट रचले नाहीत म्हणून एकाला झापलं, दोन चपात्या जास्त खाल्ल्या. "बरं वाटत नाही का?" उज्ज्वलाने विचारलं. "मला काय होतंय?" तो म्हणाला. खरोखरच काही होत नव्हतं. दुखायला हवं होतं तिथं दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यासारखं झालं होतं.

आठवड्याने फोन आला.

"किती चढली, पप्पा?"

खरं सांगितलं तर हा फोन शेवटचा होता. उद्यापासून पुन्हा बरी आहेस ना, घे मम्मीशी बोल. नंदकिशोरने भिंतीवरच्या पालीकडे पाहिलं.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला.

"वा," तनिष्का म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "छान."

दुसऱ्या दिवशी अडतीस चढली, त्यानंतर एक्केचाळीस. तो रोज सकाळी चेंबरमध्ये जायचा, दिवा लावायचा, ब्रश गार करायचा आणि बसायचा. कॉम्प्रेसर चालू, पंप चालू, सूर्य वेळेवर उगवत मावळत होता. जिवंत असं तिथं फक्त तो होता, आणि त्याला थंडी वाजायची.

जूनमध्ये तनिष्का पेटी घेऊन आली. घरात न जाता थेट तीन नंबरला. नंदकिशोर तिच्यामागून गेला. तिने दार उघडलं, एकच श्वास घेतला आणि थांबली. ती याच आवारात वाढली होती.

"गार्ड?"

"बुरशी आली होती."

"कधी?"

"तू वर होतीस तेव्हा."

तिने उतार पाहिला. ट्रे पाहिला. एक क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसली.

"मग फोनवर सांगत होतात ती?"

"थोडी कमी-जास्त करून सांगायचो. रोज एकच आकडा सांगितला असता तर तुला शंका आली असती."

"रविवारी जास्त सांगायचात."

"रविवारी तुझा फोन जरा लांबायचा."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. नंदकिशोरला वाटलं, ओरडली असती तर हिशेब मिटला असता.

"पप्पा," शेवटी ती म्हणाली, "वरची हिमनदीपण नाहीये."

"म्हणजे?"

"बर्फ आहे. पण सरकत नाही. मेमध्ये मी खुणेच्या काठ्या बघितल्या. वर्षभरापूर्वी जिथं रोवल्या, तिथंच उभ्या. वरून नवा बर्फ येत नाही, वजन उरलेलं नाही. सरकायचा थांबला की त्याला हिमनदी म्हणत नाहीत. नुसता पडलेला बर्फ. दोन-चार उन्हाळे दिसेल. चिलटं सोडली असती तरी ती वर चढली असती आणि वर..."

"भिंत."

"आभाळ. पण तेच."

कॉम्प्रेसर बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला.

"हे तुला मेपासून माहीत होतं," नंदकिशोर म्हणाला. "मग रोज विचारत का होतीस, किती चढली म्हणून?"

"तुम्ही सांगत का होतात?"

दोघांनाही बघायला समोर बर्फ होता, तेवढी सोय होती.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"काही नाही. चिलटं सोडायचा कार्यक्रम ठरलाय. मंत्री येणार आहेत, मांडव पडलाय. संस्थेच्या संचालकांना मी हिमनदीचं सांगितलं, तर म्हणाले, पत्रिका छापून झाल्यात." ती उठली आणि आणलेली पेटी बर्फाने भरू लागली. "चिलटं नाहीत, हे मी आता त्यांना सांगणार नाही. तशीही ती कुणाला नीट दिसत नाहीत."

'शीतगृह-सहयोगी' म्हणून नंदकिशोरलाही बोलावणं होतं. त्याला लोकरी टोपी आणि गळ्यात स्वागताचा पांढरा पट्टा घालून पहिल्या रांगेत बसवलं. समोर वरच्या हिमनदीचा तो बर्फ होता. त्याच्या कल्पनेतला पांढरा डोंगर नव्हे, तर रस्त्याकडेला टाकलेल्या डांबराच्या ढिगासारखा काळपट आणि कडेने गळणारा. जेवणाच्या मांडवामागे ओढा होता आणि ओढ्यातल्या दगडावर एक तपकिरी पक्षी बसला होता. कुणीतरी त्याला भाताची शितं टाकली.

"तो भात खात नाही," तनिष्का बापाला म्हणाली. "पाण्यातले किडे खातो."

"मग बसलाय कशाला?"

"त्याला सवय आहे इथली."

मंत्र्यांनी पेटी उघडली आणि थारचेनचा बर्फ, त्यात बाकी काहीही नसलेला, त्या काळ्या बर्फावर ओतला.

"ते बघा," मंत्री म्हणाले, "एक उडालं!"

संचालकांनी तिकडे बघितलं आणि मान डोलावली. टाळ्या झाल्या. बिनपंखी कीटक उडाल्याची ही पहिलीच घटना होती, आणि ती सगळ्या चॅनेलवर दाखवली गेली.

गाडीत बसताना तनिष्काने बापाच्या डोक्यावरची टोपी सरळ केली. तिची बदली दिल्लीला झाली होती, अहवाल लिहायच्या कामावर. "फोन करीन," ती म्हणाली. "कर," तो म्हणाला.

परतल्यावर नंदकिशोरने तीन नंबरमधला उतार काढला, रूळ काढला, फरशी धुऊन घेतली. आठवडाभरात चेंबर भाड्याने गेलं. त्याच संध्याकाळी मोबाइल वाजला.

"पप्पा, तीन नंबरला काय आहे आता?"

"मटार. फ्रोझन."

"अच्छा." पलीकडे कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं. "कसे आहेत?"

नंदकिशोरने मनापासून विचार केला. मटार जसे ठेवले तसेच होते. त्यातला एकही कुठे चढला नव्हता.

"बरे आहेत," तो म्हणाला.

"बरं."

मग त्याने फोन उज्ज्वलाकडे दिला. मटारांबद्दल बोलण्यासारखं फारसं काही नसतं.